चिनी व्याह्यांचा चहा

२ डिसेंबर २०१८, रविवार
आजपासून रोज लिहायचे. धाकटी लेक निलम वीस तारखेला लग्न करते आहे. मुलगा वेई, चीनमधल्या ग्वांगझूचा, पुण्यात तिच्याच कंपनीत. मी तत्काळ परवानगी दिली. (तिने मे महिन्यात विचारले होते. मधले महिने विचार चालू होता.) आधुनिक बाप असा असतो.
दुपारी मसोलीला थोरलीकडे, नूतनकडे जेवलो. बोंबलाचे कालवण दोनदा घेतले. तिच्या लग्नाला नऊ वर्षे झाली, माझा एक रविवार चुकलेला नाही. मूलबाळ नाही, त्यामुळे मला वाढायला तिला सवड असते.

५ डिसेंबर
निलमचा फोन. मंगलाष्टके आपल्या वाडीतच, पण आधी सकाळी व्याही उतरतील त्या बंगल्यावर चिनी रीतीचा चहा. नवरानवरी गुडघे टेकून दोन्ही हातांनी चहा देतात. आपण प्यायचा, लाल पाकीट द्यायचे. प्यायलात म्हणजे जावई पत्करला. बस, एवढंच करा बाबा, म्हणाली, कविता नको.
कविता नको हे ती लाजून म्हणाली असावी.

८ डिसेंबर, पहाटे ५
संकल्प: चिनी चालीरीतींचा संपूर्ण अभ्यास, शिवाय शार्दूलविक्रीडितात आठ कडवी. पहिली ओळ जमली. मग शाळेच्या पुस्तकातल्या, सासरी निघालेल्या मुलींच्या कविता आठवत बसलो. त्या मुली फार तर दोन गावे ओलांडून जायच्या. दुसरी ओळ राहिली.

१२ डिसेंबर
बायकोची, चंपाची काळजी वाटते. हिला डहाणूबाहेरचे जग ठाऊक नाही. रिहर्सल घेतली. मी वेई झालो, गुडघे टेकले. उठता येईना. हिनेच उठवले. वर म्हणाली, अहो, चहाच प्यायचाय ना? चाळीस वर्षांत तुमच्या हातचा एक कप मिळाला नाही, जावई देतोय तर पिईन की.
विषयाचे गांभीर्य तिच्या लक्षात आलेले नाही.

१७ डिसेंबर
व्याही आले. विहीणबाई हसऱ्या. वाडीतला चिकू सालीसकट खाल्ला. अभ्यास: तीन पाने. कविता: दीड ओळ. उरलेली आयत्या वेळी सुचेल. मला नेहमी सुचते.

२० डिसेंबर, सकाळी ७
धोतर, कोट, लाल पाकीट. तयार.

२० डिसेंबर, दुपारी ३, मांडवामागे
लिहवत नाही. थोडक्यात.
चंपाने चहा घटाघट प्यायला, तळाशी टाकलेले सुके चिनी बोर चघळले, वेईच्या डोक्यावर हात ठेवला. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग तो माझ्यापुढे गुडघ्यांवर. बाबा, चहा घ्या, म्हणाला. स्वच्छ मराठीत. पाठ केले असणार. माझा हात पुढे झाला तो पेला मागे सारायला. तोंडातून निघाले, मुलीला मूल होईपर्यंत आम्ही तिच्या सासरचे पाणी पीत नाही.
तो तसाच बसून राहिला, पेला धरून. निलमने माझ्याकडे पाहिले नाही. त्या लोकांना इंग्रजीत काहीतरी समजावले आणि पेला स्वतःच पिऊन टाकला. नूतन मागे उभी होती. ती बाहेर निघून गेली.
जुनी रूढी आहे. माझा इलाज नव्हता.

२१ डिसेंबर
चंपाने एकच विचारले, मग दर रविवारी मसोलीला ताट कोण चाटूनपुसून खातं?
पाकीट घेऊन आठ वाजता बंगल्यावर गेलो. ठरवले होते, मागून घेऊन चहा प्यायचा. रखवालदार लाहू झाडत होता. म्हणाला, सहाच्या गाडीनं गेले सगळे, तुमाला सांगितलं नाय?
रूढी मला त्या क्षणापर्यंत आठवतही नव्हती. पेला घेतला की निलम गेली, असे वाटले. ती तशीही गेली.

२३ डिसेंबर, रविवार
मसोली. नूतनने तीन ताटे मांडली. चंपाचे, थोरल्या जावयाचे, स्वतःचे. म्हणाली, बाबा, तुम्ही ओट्यावर बसा, मला कुठे मूल झालंय? रागावून नाही म्हणाली. हसूनही नाही.
बसलो. आतून कालवणाचा वास येत होता. बऱ्याच वेळाने पाणी मागितले. तिने आणून पुढे धरले. मी दोन्ही हातांनी घेतले, प्यायलो. म्हणायला एक ओळही सुचली नाही.