संगीता आरूशी बोलत का नाही

६ जाने., आणे
आजपासून पठारावरची घरं. काम तेच. आई आणि तिचं लहान मूल खेळतात, मी व्हिडिओ घेते, आई मुलाशी किती बोलते ते मोजते. घरातल्या बोलण्यानं मुलाची भाषा कशी वाढते, ते बघायचं. मध्ये पडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही.
पहिलं घर संगीताचं. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरलाय. घरी ती, सासूबाई, तीन वर्षांची आरू. ठोकळे दिले. संगीता जवळपास गप्पच. सासूबाई दारातून, "आईच मुकी, मग पोर कसं बोलंल?"
संगीतानं आणखी एक ठोकळा आरूपुढं सरकवला. बोलण्याचे गुण फार कमी.

९ जाने.
व्हिडिओ पुन्हा पाहिला. संगीता हाक मारतच नाही. हनुवटी धरून आरूचं तोंड आपल्याकडे वळवते. मागं कुकरची शिट्टी होते, मी दचकते, कॅमेरा हलतो. आरू ठोकळ्यांत तशीच.
तिला शिट्टी ऐकूच आली नाही?

१० जाने.
पुण्याला, अभ्यास चालवणाऱ्या सरांना फोन. "खात्री आहे का? आत्ता आईला सांगितलंस तर ते घर अभ्यासातून काढावं लागेल. दुसऱ्या फेरीत बघू."
दुसरी फेरी उन्हाळ्यात. तोवर ती पोर...

१२ जाने.
तरी गेले. संगीता गोठ्यात एकटी. सांगून टाकलं, आरूला ऐकू कमी येत असावं.
तिनं शेणाचे हात बादलीत धुतले. मग, "आधी लई बोलायची मी, ताई. गाणी म्हणायची. पोर बघायचंच न्हाई. मग गप झाले. वाटलं, माझंच कायतरी चुकतंय."
आणि मी तिचं गप्प राहणं मोजत बसले होते. आईमुळं मूल घडतं, एवढंच धरून. मुलामुळं आईही बदलते, हे धरलंच नव्हतं.

१७ जाने., नारायणगाव
आरूची तपासणी. दोन्ही कान कमजोर. यंत्र लावायचं, बोलायला शिकवायचं. कितपत बोलेल, डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत.
सासूबाई आरूला घेऊन बाकावर बसल्या. मग आरूचं नाक पदरानं पुसलं, सुनेला म्हणाल्या, "च्या घे तू. सकाळधरनं उपाशी हाईस."
संध्याकाळी सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाकीच्या घरांतही आधी मुलांचे कान तपासून घेऊ."

४ फेब्रु., नारायणगाव
यंत्र बसलं. आरू रडून लाल. ओढून काढते, संगीता परत लावते.
स्टँडवर मला म्हणाली, "आता काय बोलू हिच्याशी?"
म्हटलं, जे दिसेल ते.
लाजली. इकडंतिकडं पाहिलं. मग हळू आवाजात, "आरू, ही यष्टी. आपुन यष्टीत बसायचं. घरी आजी हाय..."
आरू तिच्या ओठांकडं बघत होती. काही पोचत होतं का, कळेना. एसटी सुटली, आळेफाटा मागं गेला, तरी संगीता बोलतच होती.