शिडाची बोट कोणाकडे जावी याविषयी

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, आता निवृत्त, राहणार शिडाच्या बोटीवर, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही व ती उद्या बदलायची आहे. पण मृत्युपत्र डोक्याने लिहायचे असते, आणि त्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी मला तपासून लेखी दिले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव टाकून काही करून घेता येते, असा गैरसमज आमच्या घरात कोणालाच नाही.

उद्या सगळे ठीक होईल अशी माझी खात्री आहे. तरी वारा पडलेला असला म्हणून कोणी शीड उघडे टाकून झोपत नाही. बाकीच्या वस्तूंची वाटणी सोपी आहे. खरा प्रश्न बोटीचा, आणि माझ्यामागे बोटीवर जो माणूस उरेल त्याचा आहे. तो शेवटी घेते.

कलम १. बाजारातले शिवणकामाचे दुकान मुलीला द्यावे. कापडाच्या ठाणांमागे बसून तिने सगळा अभ्यास केला, आणि गिऱ्हाईक आले की पुस्तक न मिटता माप सांगितले. तिने दुकान चालवावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. मागच्या कपाटातला राखाडी कोट शाळेच्या मुख्याध्यापकांचा आहे. तो न्यायला ते येतील असे वाटत नाही, तरी टाकू नये.

कलम २. घर आता नाही, त्यामुळे त्यावरून भांडू नये. माझे पती जन्मभर लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करत होते. वर आणि खाली, एवढाच त्यांचा प्रवास. निवृत्त झाले त्या दिवशी जेवताना म्हणाले की आता आडवे जायचे. मीही पडदे शिवून शिवून कंटाळले होते. आम्ही घर विकले आणि बोट घेतली. आईबाबांनी घर पाण्यात घातले, असे मुलगा पाहुण्यांसमोर म्हणाला होता. ते मी विसरलेले नाही, पण माफ केले आहे, कारण शब्दशः पाहिले तर त्याचे खरेच होते.

कलम ३. दुर्बीण माझ्या थोरल्या जाऊबाईंना द्यावी. आम्हाला म्हातारपणी चळ लागला आहे, महिन्याभरात दोघे तोंड पाडून परत येतात की नाही बघा, असे त्यांनी गावभर सांगितले होते. तेव्हापासून त्या बघतच आहेत. त्यांच्याजवळ साधन असावे.

कलम ४. जाड कापडाचे, हाताने फिरवायचे शिलाई मशीन सूनबाईंना द्यावे. भर समुद्रात फाटलेली शिडे मी त्यावर शिवली. ते काम कसे करतात, हे आजवर घरातल्या एकाच माणसाने विचारले आणि शेजारी बसून शिकूनही घेतले. मुलीने वाईट वाटून घेऊ नये.

कलम ५. बँकेतल्या ठेवीतून आधी इस्पितळाचे बिल द्यावे. उरेल ते मुलगा व मुलगी यांनी सारखे वाटून घ्यावे.

कलम ६. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. भावनेच्या भरात माझे काहीही समुद्रात सोडू नये. समुद्राला आमच्याकडून पुष्कळ मिळाले आहे: दोन पातेली, यांची कवळी आणि एक कोरा करकरीत नांगर.

नांगराची हकीकत मुलांनी यांच्या तोंडून ऐकली आहे, म्हणजे चुकीची ऐकली आहे. बोटीवर आमचा नियम होता, की ज्याचा पहारा, त्याचा कारभार; दुसऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. सुरुवातीला आम्ही सुकाणूवरून इतके भांडलो, की हा नियम केला नसता तर एकजण पोहत घरी आला असता. पुढे एका खाडीत माझ्या पहाऱ्यात मी नांगर टाकला. दोराचे दुसरे टोक बोटीला बांधायचे राहिले होते. यांना ते आधीच दिसले होते. पण हे नियमाचे पक्के; हातात चहाचा कप घेऊन मिठाची गुळणी धरून बसले. दोर सरसर गेला आणि शेवटी त्याचे टोकही दोघांच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेले. मग हे म्हणाले, "मला वाटलं, काहीतरी विचार करूनच ठेवलं असशील." पुढच्या बंदरापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. इतकी वर्षे झाली तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो मी कोणाच्याही नावे करत नाही.

कलम ७. बोट. नोंदणीच्या दिवशी हे तापाने पडले होते, त्यामुळे कागदोपत्री ती माझ्या एकटीची आहे.

मुलाने यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली रिकामी केली आहे. पलंग आणला आहे, समोर टीव्ही लावला आहे. त्याचे म्हणणे, आई नसताना बाबा एकटे समुद्रावर असले तर आम्हाला झोप लागेल का. तो उंटावरून शेळ्या हाकत नाही, हे मी मान्य करते. मागे वादळात आमचा फोन बंद पडला, तेव्हा तो बंदरामागून बंदर विचारत फिरला. शेवटी धक्क्यावर भेटला, आधी मला लहान पोरीसारखा रागावला आणि मग जेवायची वेळ झाली तरी माझा हात सोडेना. त्याचा जीव टांगणीला लागतो. पण त्या खोलीच्या खिडकीतून समोर फक्त भिंत दिसते. यांना खोली दाखवली तेव्हा हे छान आहे म्हणाले. जमिनीवर हे सगळ्यालाच छान म्हणतात.

म्हणून मी या कलमात असे लिहिले होते, की बोट माझ्या पतींना द्यावी, मात्र त्यांनी ती विकू नये, दरवर्षी एक लांबची सफर करावी आणि मुलाकडे कायमचे राहायला जाऊ नये. परवा त्यांना वाचून दाखवले. हे बटाटे सोलत होते.

"तू मला बोट देते आहेस, की बोटीला मला?" त्यांनी विचारले.

तुमच्या भल्यासाठीच लिहिले आहे, असे मी म्हटले.

"मुलगाही तेच म्हणतो," हे म्हणाले. सोललेला बटाटा पातेल्यात टाकून म्हणाले, "तुझ्यामागे मला काय करावंसं वाटेल, ते मलाच आत्ता ठाऊक नाही. जाईन कुठे तरी. नाहीतर त्या खोलीत बसून भिंतीकडे बघत राहीन. ते माझं मला ठरवू दे."

मला राग आला. मी वर जाऊन बसले आणि यांच्या विरोधात जेवढे मुद्दे सुचतील तेवढे काढले. एकही टिकला नाही. हे त्या खोलीत एकटे बसलेत, हे मला बघवत नाही. पण तेव्हा बघायला मी नसणार. मला भीती वाटते ती एवढीच आहे, आणि तिच्यापायी मी त्यांना बांधून ठेवायला निघाले होते.

सबब, अटीच्या ओळी मी स्वखुशीने खोडल्या आहेत व प्रत्येक खोडलेल्या ओळीशेजारी सही केली आहे. बोट शिडांसकट, दोरांसकट माझ्या पतींना द्यावी. मुलाने खोली तयार ठेवावी, मात्र बाबांना न्यायला येऊ नये. त्यांनी बोलावले, तर एक क्षणही थांबू नये.

ज्याला काही मिळायचे असते तो सहीच्या वेळी जवळ नसलेला बरा, असे साक्षीदारांनी सांगितल्यामुळे हे आत्ता धक्क्यावर जाऊन उभे आहेत. ओळी खोडल्या, हे त्यांना अजून माहीत नाही. इस्पितळातून मी परत आले की मीच सांगेन. नाही आले तर इथे वाचून कळेल. अहो, बोट तुमची आहे. मन मानेल तिकडे जा.

सही: माझी, चष्मा लावून केलेली

साक्षीदार
१. बोटी दुरुस्त करणारे सुतार, आमचे धक्क्यावरचे शेजारी. खोडलेल्या ओळी वाचल्या नाहीत, असे सांगतात.
२. डॉक्टरीणबाई. त्यांनी वाचल्या.

ठिकाण: बोटीवर, आतल्या टेबलाशी
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस, वारा अनुकूल