चिठ्ठीवरचा एक तास

त्या सकाळी मी आधी चहाचं आधण ठेवलं. मग ह्यांचा मासेमारीचा छातीपर्यंतचा रबरी पोशाख दाराबाहेर झटकून त्यातली वाळू काढली, दोन सँडविच बांधली आणि रोजच्यासारखी चिठ्ठी लिहिली: "ओहोटी संपते ८.१०." ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून ह्यांच्या गळ ठेवायच्या डबीत ठेवली. १४ सप्टेंबर २००३, रविवार. बाहेर धुकं होतं.

मी शांताबाई सुखदेव गजघाटे, वय एकाहत्तर, मूळ नागपूरची, एकतीस वर्षं बर्मिंगहॅमला काढून आता उत्तर वेल्सच्या या किनाऱ्यावर राहणारी, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात तपासलं. मला कुणी भरीस घातलेलं नाही; घालायला घरात कुणी उरलेलंही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच खरं धरावं.

हे मराठीत आहे. इंग्रजी भाषांतर पैसे देऊन बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावं. माझा मुलगा विक्रांत याने ते करू नये. नकोशी ओळ गाळून वाचायची त्याला लहानपणापासून सवय आहे.

कलम १. हे सगळं पार पाडायचं काम माझी सून वैजयंती हिच्याकडे. तिला मी आवडत नाही, त्यामुळे ती माझ्यावर दया करणार नाही आणि लिहिलंय तसंच करेल.

कलम २. घर आणि बँकेतली शिल्लक विक्रांतला. एडिनबऱ्याहून इथे यायला त्याला सोळा वर्षांत चार वेळा सवड झाली, त्यातली एक बापाच्या अंत्यविधीची. घर तो विकणार हे मला ठाऊक आहे. विकावं. फक्त विकण्याआधी स्वयंपाकघरात उभं राहून कलम ५ मोठ्याने वाचावं. वैजयंतीने ऐकावं आणि वाचून झालं असं लिहून द्यावं. तोवर किल्ली देऊ नये.

कलम ३. मासेमारीचं सामान. दोन काठ्या, तीन रिळं आणि कमरेला बांधायची, गळाची दोरी ठेवायची टोपली शेजारच्या मिस्टर प्रिचर्डना. त्या दिवशी दुपारी त्यांनीच आपल्या बोटीतून ह्यांना परत आणलं आणि माझ्या दारात टोपी काढून उभे राहिले. ते मला आवडलं.

विक्रांतला बापाचं हे वेड कधी कळलं नाही, म्हणून लिहून ठेवते. इथे ओहोटीला मैलभर वाळू उघडी पडते. भरतीचं पहिलं पाणी घोट्याएवढं चढलं की बास मासे त्या उथळ पाण्यात खेकडे शोधत येतात, पाठीचा पंख पाण्याबाहेर काढून. त्यांच्या पुढ्यात अलगद फ्लाय टाकायची. फ्लाय म्हणजे गळावर केस आणि चमकी बांधून केलेला खोटा मासा. ह्यांच्या फ्लाय मी बांधायचे. चमकी माझ्या नागपुरी पातळाच्या काठाची. मिस्टर प्रिचर्डच्या विकतच्या फ्लायना दहा मासेही लागले नाहीत आणि माझ्या पातळाला वीस लागले, असं एकदा झालं होतं.

पंचशील घेतलेला माणूस. धरलेला प्रत्येक मासा सोडून द्यायचा. विक्रांत फोनवर हसला होता, "बाबा, सोडायचाच तर पकडता कशाला?" हे म्हणाले, "भेट होते." मी तळून खाल्ला असता.

कलम ४. माझी पुस्तकं इथल्या वाचनालयाला. मी चौथीत शाळा सोडली. पुढचं सगळं एकटीने शिकले, बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, मग जाडी पुस्तकं. इंग्रजी शब्दकोश तीनदा फाटला. लग्नात सासूबाई म्हणाल्या होत्या, "आडाणी पोरगी करून आणली." त्यांना माझ्याकडून काहीच नाही, त्या कधीच्या गेल्या. तरी लिहून ठेवते.

कलम ५. दुकानात मिळणारं भरतीचं पिवळं पुस्तक वर्षभर हिवाळी वेळेत छापलेलं असतं. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे, म्हणून त्या आकड्यात एक तास मिळवावा लागतो. बारा वर्षं तो तास मी मिळवला. त्या आठवड्यात पुस्तक भिजून फाटलं, तर विक्रांतने ऑफिसच्या प्रिंटरवर नवा तक्ता छापून पाठवला. त्यात तो तास आधीच मिळवलेला होता. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. विक्रांतने सांगितलं नाही. मी वाचलं नाही. सवयीने आणखी एक तास मिळवला. ओहोटी सात दहाला संपली.

ह्यांच्यासोबत नेहमी रघुवीर मेंढे असायचे, बर्मिंगहॅमच्या कारखान्यापासूनचे दोस्त, आमच्यामागोमाग इथेच राहायला आलेले. ते एकटेच परत आले, छातीपर्यंत भिजलेले. माझ्या याच खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं.

"वहिनी, मी म्हटलं, सुख्या, पाणी वळलं बे. चल."

"मग?"

"म्हणे, अजून तास आहे, चिठ्ठी बघ. मी म्हटलं, चिठ्ठी ठेव खिशात, पायाकडे बघ. तर म्हणतो, शांता मिठाला चुकेल, वेळेला नाही."

वाळूच्या मागच्या, किनाऱ्याकडच्या ओहोळात पाणी आधी भरतं. धुक्यात तो दिसत नाही. रघुवीर खोली बघायला त्यात उतरले, तर पाणी कमरेला. पलीकडे पोचून हाका मारत राहिले. "मासा लागलाय, आलोच," एवढंच ऐकू आलं.

डबी ह्यांच्या खिशात होती. ती माझ्याकडे परत आली, चिठ्ठीसकट. आकडा कोरडा होता. बॉलपेनने लिहिलेलं पुसत नाही.

मृत्यूच्या चौकशीत साहेबांनी विचारलं, वेळ कुणी सांगितली होती? रघुवीर माझ्याकडे बघून म्हणाले, "मीच, सर." तेव्हापासून बर्मिंगहॅमच्या मंडळींनी त्यांना बोलावणं सोडलं. जयंतीच्या जेवणात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मी समोर बसून जेवायचे. पोटभर. पोलिसांची भीती मला कधीच वाटली नाही. शांताबाईला वाचता आलं नाही, एवढं कुणी म्हणू नये, यासाठी मी चार वर्षं एका माणसाला जाळलं. आणि तो जळताना दर रविवारी माझ्यासाठी दूध घेऊन येतो. त्या दुधाचा मला जितका राग येतो, तितका मरणाचाही येत नाही.

कपाटाच्या वरच्या खणात ती चिठ्ठी आणि बर्मिंगहॅमच्या चौदा घरांचे पत्ते आहेत. चिठ्ठी आणि हे कलम यांची प्रत वैजयंतीने प्रत्येक घरी पाठवावी. माझ्या मरणानंतरच. जिवंतपणी मला ते सोसणार नाही.

कलम ६. रघुवीर मेंढे यांना काही नाही. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही आणि मला साक्षीदार तेच हवेत. उद्या दुधाची बाटली घेऊन येतील तेव्हा हा मजकूर शब्दकोशाखाली झाकेन आणि फक्त सहीची जागा उघडी ठेवेन. ते विचारणार नाहीत. भाऊजी, हे तुम्ही वाचाल तेव्हा मी नसेन. माफी मागत नाही. तुम्ही देऊन टाकाल.

कलम ७. ह्यांची राख आम्ही त्या वाळूवर सोडली. माझी तिथे सोडू नये. तो हक्क मी घालवला. कुठेही टाकावी, पाणी नसलं म्हणजे झालं.

कलम ८. ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते शेवटी. रघुवीरनी चौकशीत जे सांगितलं, ते त्यांनी माझा शब्द खोटा पडू नये म्हणून सांगितलं. ह्यांना आणलं त्या रात्री मी डबी तांदळाच्या डब्यात लपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलिसांच्या कागदावर लिहून दिलं की भरतीची वेळ रघुवीर मेंढे यांनी सांगितली होती, आणि खाली सही केली.

शांताबाई सुखदेव गजघाटे

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली, म्हणून त्यांच्या देखत आम्हीही करतो:
१. रघुवीर मेंढे, निवृत्त फिटर
२. ग्वेन ओवेन, ग्रंथपाल

स्थळ: राहतं घर, उत्तर वेल्स
रविवार, १७ जून २००७