पहिला नग

राजापेठ, अमरावती
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रणालीताई,
नमस्कार. अकोल्यात सगळे बरे असाल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? फोनवर आईचं नाव निघालं की तू ठेवून देतेस, म्हणून लिहितो.

कारखान्यात मी नवी जिग केली. जिग म्हणजे साचाच. त्यात सर्किट ठेवायचं, वर शुगर मीटरची इवलीशी काच बसवायची, म्हणजे आकड्याची प्रत्येक रेघ आपापल्या तारेवर येते. काच जागेवर धरणाऱ्या खुंट्या या वेळी तीनदा मोजल्या. साहेब खूश आहेत. मला घास गोड लागत नाही.

माझ्या पहिल्या जिगवर जुळवलेला पहिला नग मी पोळ्याला अकोटला नेला होता. आपल्याकडे पहिलं काहीही आधी आईच्या हातात जातं. तिनं त्याला हळदकुंकू लावलं, बोट टोचलं, ११२ आले.

पंधरवड्यानं कळलं, एक खुंटी अर्धा मिलिमीटर सरकलेली. पहिल्या आकड्याच्या डाव्या वरच्या आणि मधल्या रेघेला तार भेटतच नव्हती. त्या दोन गेल्या की चाराचा एक दिसतो. एक मात्र एकच राहतो. कारखान्यातले सगळे नग आम्ही उघडून पुन्हा जुळवले. आईचा राहिला. माझ्यासमोर बरोबर चालला होता ना.

दिवाळीत तिचा फोन आला. "नितेश, आकडा कधी कधी तुटका दिसते रे." मी म्हणालो, सेल बदल. कामात होतो.

मग जानेवारीत ती चक्कर येऊन पडली. त्या सकाळी तिच्या साखरेच्या वहीत १३०, दवाखान्यात ४३०. तू तिला म्हणालीस, "गोड खाऊन खोटं कावून लिवलं?" ती म्हणाली, "मले दिसलं तेच लिवलं, बाई." तू तोंड फिरवून अकोल्याला निघून गेलीस. मी खाटेजवळ उभा होतो. मला तेव्हाच समजलं होतं, ताई. बोललो नाही. चौथ्या दिवशी ती गेली. तेरवीला तू ती वही चुलीत टाकलीस, तेव्हाही मी गप्प बसलो.

शेजारच्या जमुनाकाकू सांगतात, संक्रांतीचा तिळगूळ आईनं सगळा वाटून टाकला होता, चाखलासुद्धा नाही. तिच्यावरचा राग सोड. तो माझ्या वाट्याचा आहे.

मीटर सोबत पाठवतो. सुरू केल्यावर क्षणभर ८८८ उमटतात. पहिला आठ बघ.

भाऊ म्हणायचं की नाही, ते तू ठरव.
नितेश