साबणाने धुतलेली दोरी

युलालिया,

आढ्याला टांगलेली माझी विणलेली दोरी तू साबणाने घासून काढलीस. अगं बये, तो मळ नव्हता! मागच्या ज्वारीच्या बिअरचं विरजण होतं ते, दोरीतच वाळवून ठेवलेलं. आता मामंजींच्या अखेरच्या विधीला बिअर फसफसणार कशी? माणसं काय कोरड्या घशाने रडणार?

मी नांदोमला आईकडे दुसरी दोरी मागायला चालले आहे. धन्यांना सांग, आईला बरं नाही. मडकी नुसत्या पाण्याने विसळून उन्हात पालथी घाल, आणि बाकी कशाला हात लावू नकोस.

दोरीला अजून गुलाबाचा वास येतोय. तसला साबण धन्यांनी या घरात कधी आणला नव्हता. निदान माझ्यासाठी तरी नाही.

तुझी थोरली सवत,
फिलोमिना