अकरा, एक, तीन, पाच

३ मार्च

प्रेरणाचा पुण्याहून फोन. पुन्हा तेच — "आई, त्या भट्टीत एकटी राहू नकोस. झाड तरी जगतं का तिथे?" बोलून गेले, जगवून दाखवते. ती लगेच म्हणाली, मे महिन्यात येते. बैठकीत एक जरी कुंडी हिरवी असली तर पुण्याचं नाव काढणार नाही. नसली तर बॅग भरायची.

हो म्हणून बसले!

४ मार्च

खोली आहेच तशी. ह्यांची अठ्ठावीस वर्षं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, बल्बखाली. घर बांधताना मिस्त्रीला सांगितलं, तिन्ही बाजूंनी खिडक्या पाहिजेत. आता पापड वाळवायला मी गच्चीवर जात नाही. सोफ्यावर वाळतात.

५ मार्च

ग्रंथालयातून झाडांचं पुस्तक आणलं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर, म्हणून पुस्तक मिळालं की मी शेवटच्या पानापर्यंत वाचते. "झाडाला कोवळं ऊन द्यावं." पांढरकवड्यात कोवळं ऊन साडेसहाला येतं आणि सातला संपतं.

नर्सरीत मुख्तारभाईंनी विचारलं, "ऊन किती येते?" म्हटलं, पापड दीड तासात. त्यांना समजलं. मनीप्लांट हातातून काढून घेतला. "हे नाही टिकत, बाई." जेड, निवडुंग, कोरफड, अडेनियम — चार कुंड्या दिल्या. ह्यांच्या खुर्चीभोवती मांडल्या.

२२ मार्च

जेड गेलं. शेजारची हुस्नाबी बघायला आली. "इंदूबाई, पुण्याले कोणती बॅग नेता? ते लाल वाली नेजा."

२ एप्रिल

निवडुंगही! भरताच्या वांग्यासारखा मऊ. हुस्नाबी म्हणते, "निवडुंग मरते का कधी? आमच्या घरामागं आपोआप येते. तुम्ही त्याले पुस्तक तं नाही वाचून दाखवून राह्यल्या?"

खिडक्यांना ओली पोती बांधली. कूलरचं तोंड कुंड्यांकडे केलं. मी घामात.

११ एप्रिल

कोरफड.

अडेनियमनं मान टाकली. ऑटो करून कुंडी नर्सरीत नेली. मुख्तारभाईंनी झाड उपसलं, मुळं दाबली, बोटांचा वास घेतला.

"उन्हानं नाही मरून राह्यले, बाई. पाण्यानं सडले. किती वेळा देता?"

जास्त नाही म्हटलं. अकराला, एकला, तीनला, पाचला. एकेक पेला.

ते बघतच राहिले. "याले आठवड्यातून एकदा देतेत. हा टाइम कोणं सांगतला?"

पुस्तकात आहे, म्हटलं.

घरी येऊन पुस्तक चाळलं. नाही.

डॉक्टरांनी ह्यांना पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. शेवटचं वर्ष त्या खुर्चीतच. अकरा, एक, तीन, पाच. पेला अजून त्याच स्टुलावर आहे. दोन वर्षं झाली. हाताला अजून कोणी सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल

मुख्तारभाईंनी कालच सडकं कापलं, कोरड्या रेतीत लावून दिलं. पाणी बंद. तीनला पेला भरला, कुंडीपर्यंत गेले, परत आले. पाचला तसंच. ते पाणी मीच प्यायले.

२० एप्रिल

अजून पेला भरतेच आहे. हुस्नाबी म्हणाली, "चेहऱ्यावर तेज आलं तुमच्या. काय लावता?"

३ मे

कळी! तांदळाएवढी, गुलाबी. पोती सोडली. ऊन आत आलं. त्याला तेच हवं होतं.

९ मे

प्रेरणा आली. आधी कुंडी. प्लास्टिकचं असेल म्हणून पानाला नख लावून पाहिलं. "एकच?"

एकच ठरलं होतं.

"बरं, हरले," म्हणाली आणि ह्यांच्या खुर्चीत बसली. "आई, पाणी."

दिलं. तिनं पेला रिकामा केला तेव्हा घड्याळाकडे लक्ष गेलं. सव्वाचार.