वन्सं आणि मी, प्रायव्हेट लिमिटेड

४ जून, मंगळवार

हॉटेलच्या मॅनेजर बाईंनी आज साफ सांगून टाकलं – "तुमचं रफू मला पसंत आहे. पण वर्षभराचं काम द्यायचं तर कंपनीलाच देता येतं, दोन बायकांना नाही."

दोन बायका म्हणजे मी आणि ह्यांची थोरली बहीण, वन्सं. घरी आले तर वन्सं खिडकीशी कुणाच्या तरी कोटाची बाही मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांना सगळं सांगितलं. मान वर न करता म्हणाल्या, "मग काढू की कंपनी! त्यात काय एवढं, मडमे?" जसं काही फडताळातून डबाच काढायचा होता!

लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी 'मडम'. कॉन्व्हेंटमधे शिकलेली ना! तेव्हा तो टोमणा होता. आता वन्संनी नावाने हाक मारली, तर आपलं काहीतरी चुकलंय असंच मी धरून चालते.

५ जून

कंपनीचं खरं कारण इथेच लिहिते. दुसरं कुणाला सांगणार?

वन्संचे यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडे आहेत. त्यांच्या मुलाने लांबच्या शहरात मोठं घर घेतलंय. दर रविवारी फोन – "आई, आता कायमची इकडे ये." वन्सं माझ्यासमोर तरी हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. माझा मात्र रविवार नासतो. आमची लेकही आम्हा दोघांना तिच्याकडे बोलावत असते, पण ते आपलं बोलण्यापुरतं.

पण संचालक झालेली बाई अशी बॅग भरून जाऊ शकते का? कायदा आहे शेवटी! एकदा सही झाली की झाली.

१० जून

शेजारच्या इमारतीतल्या सीएकडे गेलो. ह्यांचा जुना विद्यार्थी. अजूनही ह्यांचं नाव निघालं की खुर्चीत नीट बसतो.

"काकू, दोन संचालक लागतात आणि दोन भागधारक. तुम्ही दोघीच दोन्हीकडे चालाल. मग कंपनीचं नाव, पत्ता, आणि कंपनी काय करणार ते लिहून द्यायचं. बाकी सगळं ऑनलाइन. हिस्से कसे ठेवायचे?"

"अर्धे अर्धे," वन्सं म्हणाल्या.

"तसं नका करू आत्या. मतभेद झाला की मतं सारखी पडतात, काम अडून बसतं."

"भांडण आमचं रोजच होतं रे बाबा. अडत काही नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरंच आहे ते! कालच दोऱ्याच्या रंगावरून केवढ्याने बोललो एकमेकींना. आणि हात चालूच होते दोघींचे.

१७ जून

'अखंड' हे नाव नाकारलं. तसल्या नावाची कंपनी आधीच आहे म्हणे. वन्सं दिवसभर त्या कंपनीवर रुसून बसल्या आहेत.

१९ जून

'बेमालूम' मंजूर!! वन्संनीच सुचवलेलं.

शाळेतल्या सिस्टरची फार आठवण आली. रफू केलेला रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. सुलट बाजूला काय, कुणीही फसवेल! उलट बाजूही स्वच्छ असली की तेवढी मान हलवायच्या. 'छान' कधीच म्हणाल्या नाहीत. वन्सं तर कुठल्याच शाळेत रफू शिकल्या नाहीत. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागा उपसतात आणि त्यानेच भोक विणून काढतात. म्हणतात, "ज्याचं त्यालाच लावावं. परका धागा उपरा दिसतो." ही बाई सिस्टरना भेटायला हवी होती. दोघींनी मिळून माझं काही चालू दिलं नसतं.

२४ जून

आज डिजिटल सहीसाठी व्हिडिओ काढायचा होता. मोबाइलकडे बघून आपलं नाव सांगायचं, 'मी स्वतः अर्ज केला आहे' म्हणायचं, बस. वन्संनी ठेवणीतली साडी काढली, केस विंचरले, पुन्हा विंचरले. मग मोबाइलसमोर बसून अगदी गोड आवाजात – "नमस्कार! जेवण झालं का?"

व्हिडिओ परत आला. दुसऱ्यांदा इतक्या ताठ बसल्या की डोळ्यांची पापणीसुद्धा हलेना! तोही परत. तिसऱ्या वेळी मी त्यांचा हात धरून बसले, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा. पास.

"परीक्षेत कॉपी केलीस ग," म्हणाल्या. "कॉन्व्हेंटची असून!"

२७ जून

कंपनीचा पत्ता म्हणजे आपलंच घर. घर ह्यांच्या नावावर, म्हणून ह्यांचं संमतीपत्र हवं. ह्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला, पुन्हा वाचला. "इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदाच मला कुणी काही विचारतंय. जरा विचार करू दे."

"सही कर, नाहीतर तुझे सदरे फाटके राहतील," वन्सं म्हणाल्या. ह्यांनी लगेच सही केली.

२ जुलै

सीएने मसुदा पाठवला. मी इंग्रजी वाचायचं, वन्संसाठी मराठी करायचं. कंपनीचे उद्देश – रफू, तुरपाई, काजं, बटणं, जुन्या कपड्यांची दुरुस्ती. "आणि यांस पूरक अशी सर्व कामं."

"पूरक म्हणजे?"

"म्हणजे यातून जे जे निघेल ते."

"गप्पा पण?"

"हो, त्याही."

"मग बरोबर लिहिलंय," म्हणाल्या. "हुशार आहे पोरगा."

६ जुलै, शनिवार

दुपारी वन्संच्या खोलीवरून जाताना थबकले. फोनवर नातवाला गोष्ट सांगत होत्या. ससा, कासव आणि मधेच कुठूनसा आलेला हत्ती. तो तिकडून खदखदून हसत होता. किती वेगळा झाला होता त्यांचा आवाज!

मी काय करतेय हे? आजीला नातवापासून अडवतेय – तेही सहीशिक्क्यानिशी? संध्याकाळी म्हणणार होते, 'वन्सं, जायचं असेल तर खुशाल जा.' जिभेवर आलं होतं. पण त्यांनी दोन कप चहा आणला आणि कप पुढे करत म्हणाल्या, "त्या निळ्या पडद्याचं तू सुरू कर, शेवट मी करते." गिळून टाकलं.

११ जुलै

प्रमाणपत्र आलं!!! आजपासून 'बेमालूम' कायद्याने अस्तित्वात आहे. ह्यांनी आम्हा दोघींना उभं राहून सलाम ठोकला. वन्सं रडल्या. मग मी रडले, ह्यांना म्हटलं कांदा चिरला.

१२ जुलै

सीएकडे फी द्यायला गेले. सहज विचारल्यासारखं विचारलं – संचालक दुसऱ्या गावी राहायला गेला तर? तो हसला. "काही बिघडत नाही काकू. देशात कुठेही राहा. सभा व्हिडिओवरसुद्धा होते." एवढा खटाटोप, आणि कंपनी कुणाला बांधूनच ठेवत नाही!

आणि मग म्हणाला, "आत्या तर पहिल्याच आठवड्यात येऊन हेच विचारून गेल्या."

म्हणजे ठरवलंय त्यांनी. केव्हाच ठरवलंय. रात्री जेवले नाही. डोकं दुखतं म्हणाले.

१३ जुलै

सकाळी न राहवून विचारलं – "वन्सं, कधी निघताय?" त्यांनी सुई खाली ठेवली.

"मी कुठे जातेय? लेकाला नाही म्हणून सांगितलं मी, उन्हाळ्यातच. सुट्टीत नातवाला इकडे पाठव म्हटलं. मी विचारलं ते तुझ्यासाठी, मडमे. तुमची लेक तुम्हाला तिकडे बोलावते, आणि माझा भाऊ 'बघू, बघू' करतो. तो 'कुठेही राहा' म्हणाला, तरी म्हटलं, हिला कंपनीत अडकवली तर राहील!"